सभागृहात घेतलेलं नाव

नंदाखाल, ७ फेब्रुवारी

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार.

संसदेत अर्थसंकल्पावरच्या चर्चेसाठी तुम्ही मागितलेला मजकूर पाठवते आहे. तुमचा नियम पाळलाय. फोन नाही, मेसेज नाही, ईमेलने सलग पत्र. वर्गात तुम्ही म्हणायचात, जे पत्रात नीट लिहिता येत नाही ते अजून कळलेलं नाही. हे पत्र मी दोनदा पुसून पुन्हा लिहिलं, म्हणजे दोनदा मला कळलं नव्हतं.

पक्षाने तुम्हाला आठच मिनिटं दिली आहेत, म्हणून एकच मुद्दा धरला आहे. छोट्या कारखानदारांची जीएसटीची विवरणपत्रं, आणि ती राहून गेली की काय होतं ते. आकडे वेगळ्या पानावर आहेत. दोन आकड्यांचा मूळ आधार मला सापडला नाही, ते मी काढून टाकले. राग मानू नका.

आता उदाहरण. तुम्ही नेहमी म्हणता, ज्याला नाव नाही तो माणूस नाही, ती अफवा. म्हणून नाव देते. ऑस्टिन लोपीस. माझा मावसभाऊ, लुसीमावशीचा मुलगा. वालीवला एका गाळ्यात त्याचं मोल्डिंगचं एक मशीन आहे. बाटल्यांची प्लास्टिकची झाकणं करतो. चार बायका कामाला आहेत. त्याच्याकडे जीएसटीचा नंबर होता. त्याच्या वडिलांच्या आजारपणात, हॉस्पिटलच्या खेपांमध्ये, विवरणपत्रं भरायची राहिली आणि नंबर रद्द झाला. तो परत सुरू करायचा तर साठलेली सगळी विवरणपत्रं दंडासकट भरावी लागतात. ते गेल्यावर त्याच्याकडे तेवढं काही उरलं नाही. आणि नंबर नाही म्हणून कंपनी त्याचा माल घेत नाही. तेव्हा त्याची झाकणं शेजारच्या गाळ्यातल्या रमेशच्या बिलावर जातात. माल ऑस्टिनचा, बिल रमेशचं. हे कायद्यात बसत नाही. ऑस्टिनला माहीत आहे, मलाही.

म्हणूनच पुढची ओळ अधोरेखित करते आहे. तुम्ही छापील प्रत हातात घेऊन बोलता, तेव्हा ती दिसलीच पाहिजे.

*हे नाव फक्त तुमच्या खात्रीसाठी आहे. सभागृहात घेऊ नये. "वालीवचा एक तरुण" एवढंच म्हणावं.*

ऑस्टिनला विचारून मी हे लिहिते आहे. तो म्हणाला, "नाव नसेल तर सांग तुझ्या सरांना. आमचं पण कोणी तरी बोलू दे." मी त्याला शब्द दिला आहे.

तुमची विद्यार्थिनी,
जेसिका घोन्साल्विस


नवी दिल्ली, ९ फेब्रुवारी

चि. जेसिका,

अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं, छापून घेतलं. उत्तम. आकडे काढलेस ते बरं केलंस. उदाहरण तर फारच चांगलं.

मागच्या वर्षीची गोष्ट तुला सांगितली नव्हती. करांवरच्या चर्चेत मी म्हणालो, "एका लहान उद्योजकाने मला सांगितलं." समोरच्या बाकांवरून एक जण ओरडला, "कौन? नाम बताइए!" मग सगळेच, "नाम! नाम!" माझ्याकडे नाव नव्हतं. सभागृह हसलं. पंचवीस वर्षं मी मुख्याध्यापक होतो, वर्ग माझ्यावर कधी हसला नव्हता. या वेळी मराठीतून बोलणार आहे, दुभाष्यांना कळवून ठेवलंय.

आणि तू जरा शांत झोप. तुझ्या पत्रात "खात्री" हा शब्द फार येतो. तुझ्या घरात तुझ्याआधी कोणी शाळा पुरी केली नाही, म्हणून तुला वाटतं की एखादी चूक झाली तर कोणी तरी येऊन तुझी पदवी परत मागेल. तसं कोणी येत नाही. मीसुद्धा बरीच वर्षं वाट पाहिली होती.

चंद्रहास चुरी


वालीव, १३ फेब्रुवारी

जेसी,

फोन करू नको. गाळ्यावर येऊ नको. तुला इथे कोणी बघायला नको. हे आईच्या पर्समध्ये टाकतोय, रविवारी चर्चमध्ये मिस्सा सुटल्यावर ती तुला देईल. उत्तर पण तिच्याकडेच दे.

काल मी मशीनवर होतो. कामावरच्या प्रिन्सीने मोबाईल तोंडासमोर धरला. "ऑस्टिनदादा, तुझं नाव दिल्लीत!" चौघी खिदळत होत्या. खरं सांगतो, आधी मला भारी वाटलं. आपल्या नंदाखालच्या पोराचं नाव पार्लमेंटमध्ये! आईने तर शेजारच्या घरात केक पाठवला. तिला वाटलं मला बक्षीस मिळालंय.

मग मी अख्खा व्हिडिओ बघितला. नाव, आडनाव, वालीव, झाकणं. आणि पुढे, "त्याला आपला माल दुसऱ्याच्या बिलावर विकावा लागतो." एकच गोष्ट सोडली तुझ्या सरांनी, माझ्या बनियनचा नंबर.

दुपारी रमेश आला. शटर अर्धं खाली ओढलं आणि म्हणाला, "ऑस्टिन, तू मला मारलंस. मी नंबर दिला तुला, आणि तू दिल्लीत बोंब मारतोस?"

मी म्हटलं, "मी कुठे गेलो दिल्लीला?"

"तुझी बहीण पोचली ना!"

संध्याकाळी कंपनीतून फोन. पुढची ऑर्डर "थोडी थांबवू या" म्हणाले. कारण विचारलं तर म्हणाले, कारण तुम्हाला माहितीये.

गाळ्याला कुलूप लागलं तर मी काय करायचं ते सांग. तू म्हणाली होतीस नाव येणार नाही. मी तुला दोनदा विचारलं होतं. तुमच्या घरी, ओट्याशी उभं राहून.

ऑस्टिन


नंदाखाल, १५ फेब्रुवारी

आदरणीय सर,

तुमच्या भाषणात ऑस्टिनचं नाव आलं आहे. पान उलटताना चुकून वाचलं गेलं असेल, हे मी समजू शकते. बोलायच्या घाईत असं होतं. मी ते नाव आणि ती ओळ इतक्या जवळ लिहायला नको होती, ही माझी चूक.

पण आज मिस्सा झाल्यावर लुसीमावशीने त्याचं पत्र माझ्या हातात दिलं तेव्हा ती माझ्याकडे बघत नव्हती. त्याचं काम थांबलंय. रमेशवर आणि त्याच्यावर काय येईल ते मला सांगता येत नाही.

सर, सभापतींना विनंती केली तर ते एखादं नाव कामकाजातून काढू शकतात. तुम्ही उद्याच तसं लेखी कळवाल का? मी मसुदा करून ठेवला आहे. सोबत आहे. फक्त सही लागेल.

जेसिका


नवी दिल्ली, १६ फेब्रुवारी

चि. जेसिका,

अगं, केवढी घाबरतेस! भाषण उत्तम झालं. दोन वर्तमानपत्रांनी घेतलं. समोरच्या बाकांवरच्या एका बाईंनी बाहेर गाठून म्हटलं, "मास्टरसाहब, आज आपने चुप करा दिया." ते कशामुळे, सांग बरं? नावामुळे.

सभापतींना लिहिणं योग्य नाही. खरं बोललो आणि मग मागे घेतलं, तर लोक म्हणतील मुळात खोटंच होतं. सगळा मुद्दाच पडेल, आणि तो तुझ्या ऑस्टिनच्याच भल्याचा आहे.

मात्र एक साधा मार्ग आहे. भाषणाची टंकलिखित नक्कल दुरुस्तीसाठी आली आहे, ती पाठवतो. दर वेळी तूच तपासतेस. "ऑस्टिन लोपीस"च्या जागी "ऑस्कर लोबो" कर. टंकलेखनाची चूक समजतील, मी सही करून टाकतो. व्हिडिओ लोक चार दिवसांत विसरतात. राहतो तो कागद. परत पाठवायची मुदत उद्या संध्याकाळची आहे.

इथून थेट समितीच्या दौऱ्यावर निघतोय. फोन लागणार नाही.

चंद्रहास चुरी


नंदाखाल, १७ फेब्रुवारी

आदरणीय सर,

नक्कल तपासून परत पाठवली आहे. एक साल चुकलं होतं ते दुरुस्त केलं. "झाकणं"च्या जागी एकदा "ढाकणं" पडलं होतं, तेही. नाव होतं तसं ठेवलं आहे.

मी त्या नावावर बराच वेळ थांबले होते. दोन शब्द बदलायचे होते. आई दोनदा जेवायला बोलवून गेली. पण तुम्हीच लिहिलंय की राहतो तो कागद. मग त्या कागदावर मी नसलेला माणूस कसा उभा करू? आणि तो नसेलच असं तरी कुठे आहे? वालीवला इतके गाळे आहेत. उद्या त्यातल्या एखाद्या ऑस्कर लोबोच्या दारात अधिकारी उभे राहिले तर तो काय सांगेल? त्याला कोणी विचारलंही नव्हतं.

सभापतींना लिहिण्याची विनंती मी पुन्हा करते.

जेसिका


नंदाखाल, २१ फेब्रुवारी

ऑस्टिन,

मावशीकडे देतेय. वाचून झाल्यावर चिडशील, तरी शेवटपर्यंत वाच.

मी सरांना लिहिलं होतं की नाव घेऊ नका. ती ओळ अधोरेखित केली होती. हे मी स्वतःला सोडवायला सांगत नाहीये. तुझं नाव त्या पत्रात मीच लिहिलं, हे उरतंच.

दुसरी गोष्ट तू माझ्याकडूनच ऐकावीस. सरांनी मला सांगितलं होतं, छापील नकलेत तुझं नाव बदलून दुसरं घाल. माझ्या हातात होतं. मी केलं नाही. कागदावर खोटं नाव घालून तू सुटला नसतास, व्हिडिओत तूच आहेस. आणि दुसरा कोणी तरी अडकला असता. पण ते करून निदान तुला बरं वाटलं असतं, हेही मला कळतं.

सर दौऱ्यावर आहेत. मी त्यांच्या इथल्या ऑफिसला दोनदा जाऊन आले. तिथला माणूस म्हणतो, "साहेब परत आले की तुम्हाला कळवू, मॅडम." त्याने मला याआधी कधी मॅडम म्हटलं नव्हतं.

जेसी


वालीव, १ मार्च

जेसी,

ग्रेट. म्हणजे तुझ्या हातात होतं आणि तू केलं नाहीस. शाळेत तुला सगळे प्रामाणिक म्हणून बक्षीस द्यायचे ना, त्याचे पैसे आता मी भरतोय.

गुरुवारी जीएसटीचे दोन अधिकारी आले. चांगले बोलले, खोटं नाही सांगत. एकाने झाकण हातात घेऊन फिरवून बघितलं, म्हणाला, "फिनिशिंग मस्त आहे." मग विचारलं, हा माल कोणाच्या बिलावर जातो? मी म्हटलं, विचारून सांगतो. विचारून सांगतो! माझ्याच मालाचं! ईस्टर झाल्यावर मंगळवारी त्यांच्या ऑफिसात बोलावलंय, जबाब द्यायला. रमेशला पण.

रमेशने मार्ग काढलाय. तू एक कागद लिहून द्यायचा, की हे उदाहरण तू मनाने रचलं, भाषणात वजन यावं म्हणून, आणि नाव ओळखीतलं म्हणून टाकलं. ऑस्टिन लोपीसचा त्याच्याशी संबंध नाही. खाली सही. तो कागद आम्ही दोघं दाखवू.

तुझं काय जाईल? सरांकडची नोकरी. तुला दुसरी मिळेल, शिकलेली आहेस. माझं मशीन जाईल. मला दुसरं मिळणार नाही. प्रिन्सीला सांगितलंय आठवडाभर काम बंद आहे. ती रोज मेसेज करते, दादा उद्या येऊ?

उपवासाचे दिवस आहेत, आई म्हणते कोणावर राग धरू नको. मी मटण सोडलंय, तेवढं पुरे.

कागद पाठव.

ऑस्टिन


नंदाखाल, ८ मार्च

ऑस्टिन,

कागद लिहिला. तू सांगितलेले शब्द जसेच्या तसे लिहिले. तू म्हणालास ते खरं आहे, माझं जाऊन जाऊन काय जाईल? सर मला ओळखत नाही म्हणतील, लोक म्हणतील खोटारडी. ते मला चालेल, असं मी दिवसभर स्वतःला सांगत होते.

सही करता येईना. कारण सांगते. मी रचलं म्हटलं, तर ते तुझ्या गाळ्यात पुन्हा येतील. मशीन तिथेच आहे. साचे तिथेच आहेत. झाकण त्यांनी हातात घेऊन बघितलंय. मग ते तुला विचारतील, आणि माझ्या कागदाला धरून तुलाही खोटं बोलावं लागेल, सहीनिशी. आत्ता तू फक्त अडचणीत आहेस. तेव्हा तू खोटा ठरशील. आणि तो कागद मी तुझ्या हातात दिलेला असेल.

मंगळवारी मी तुझ्याबरोबर येते. तू नको म्हणालास तरी बाहेर बाकावर बसेन. बोलू तू म्हणशील तसं, पण खरं बोलू. साठलेली विवरणपत्रं भरून नंबर परत चालू करता येतो का, हप्ते मिळतात का, ते मी विचारून ठेवते आहे.

उत्तर दे.

जेसी

(मावशीने हे पत्र घेतलं. पुढच्या रविवारी ती रिकाम्या हाताने आली. "तो काय बोलत नाही गं," एवढंच म्हणाली. सगळं खरंखुरं राहावं म्हणून ही नोंद माझ्या प्रतीवर करून ठेवते.)


नंदाखाल, १८ मार्च

आदरणीय सर,

महिना झाला. माझ्या पत्राला उत्तर नाही. अधिवेशन पुन्हा सुरू झालं, तुम्ही दिल्लीत आहात हे मला टीव्हीवरून कळलं.

आजवर मी तुमच्या भाषणाचा लोकांनी कापून फिरवलेला तुकडाच पाहिला होता. पूर्ण पाहायचा धीर होत नव्हता. काल पाहिलं.

तुम्ही आधी "वालीवचा एक तरुण" असंच म्हणालात. अगदी बरोबर. मग समोरून आवाज आले, "नाम बताइए! नाम!" नकलेत त्या जागी फक्त कंसात "व्यत्यय" लिहिलेलं आहे, म्हणून मला ते कळलंच नव्हतं. तुम्ही थांबलात. चष्मा नीट केलात. पान वर उचललंत आणि बोट ठेवून वाचलंत. सर, त्या पानाची एक प्रत माझ्याकडे आहे. तुमचं बोट जिथे थांबलं तिथे अधोरेखित ओळ आहे. त्यानंतर तुम्ही मान वर केलीत आणि नाव घेतलंत, आडनावासकट.

मी तुम्हाला लिहिलं होतं की चुकून वाचलं गेलं असेल. तुम्ही उत्तरात हो म्हणाला नाहीत आणि नाहीही म्हणाला नाहीत. मला ते तेव्हाच दिसायला हवं होतं. तुमचंच पत्र असतं आणि तुम्ही ते वर्गात वाचायला दिलं असतं, तर मला दिसलं असतं.

तुम्ही ती ओळ वाचली होती का, एवढंच मला सांगा.

जेसिका


नवी दिल्ली, २१ मार्च

जेसिका,

वाचली होती.

तुझं पत्र आल्यावर वाचली होती, आणि तिथे उभा असतानाही वाचली. तू म्हणतेस ते बोट तसंच होतं. समोरचे हसायला लागले होते. मागच्या वर्षीसारखंच. आणि या वेळी माझ्या हातात नाव होतं. मला वाटलं, या वर्गाला एकदा तरी गप्प करू दे. ते गप्प झाले. मी बसलो तेव्हा बाक वाजत होते आणि मला आनंद झाला होता. ऑस्टिनचा विचार तेव्हा माझ्या मनात आला नाही. तू घाबरली आहेस हे कळल्यावर आला, आणि मग मी दौऱ्यावर गेलो.

तुला खोटं नाव घालायला सांगितलं ते आठवून जास्त लाज वाटते.

पण सभागृहात उभं राहून हे सांगणं मला जमणार नाही. तू लहान आहेस. एवढी वर्षं मिळवलेलं एक नाव असतं. ते एका वाक्यात जातं.

चंद्रहास चुरी


नंदाखाल, २३ मार्च

आदरणीय सर,

खरं लिहिलंत, त्याबद्दल आभार.

ऑस्टिनचंही एक नाव होतं. ते एका वाक्यात गेलं. तो लहान आहे की मोठा, ते कोणी विचारलं नाही.

मला हे लिहिताना भीती वाटते आहे. तुम्ही फीची सवलत मिळवून दिली नसती तर मी आज केळीच्या वाडीत असते किंवा ऑस्टिनच्या मशीनवर. म्हणून मी कुठेही जाऊन तुमच्याविरुद्ध बोलणार नाही. पण ईस्टरनंतर मंगळवारी मी ऑस्टिनबरोबर जाणार आहे. तो नको म्हणाला तरी बाहेर बाकावर बसेन. मला विचारलं तर जे झालं ते सगळं सांगेन. ती ओळही, आणि नाव बदलायला सांगणारं तुमचं पत्रही. विचारलं नाही तर गप्प राहीन. हे तुम्हाला आधी कळवणं मला बरोबर वाटतं.

वित्त विधेयकावर तुम्हाला पुन्हा बोलायचं आहे. त्यासाठीचे मुद्दे मी पाठवत नाही. त्याऐवजी हे चार ओळींचं पाठवते आहे.

"अर्थसंकल्पावरच्या भाषणात मी एका तरुणाचं नाव घेतलं. ते मला विश्वासाने कळवलं होतं, आणि सभागृहात घेऊ नये असं लिहिलेलं होतं. ते वाचूनही मी ते घेतलं. ते नाव कामकाजातून काढावं, अशी मी सभापतींना विनंती करतो."

यातला एकही शब्द मला खात्री नसताना लिहिलेला नाही.

जेसिका


नवी दिल्ली, २५ मार्च

जेसिका,

मजकूर मिळाला. छापून घेतला नाही.

परवा बोलायचं आहे.

चंद्रहास चुरी


वालीव, २८ मार्च

जेसी,

काल तू बघितलंस का? आई म्हणाली तू बघणार नव्हतीस, देवळात क्रुसासमोर जाऊन बसली होतीस. म्हणून लिहितो.

रमेशच्या गाळ्यात बघितलं. त्याने स्वतः बोलावलं. म्हणाला, "ये, बघू तुझे सर आता माझं पण नाव घेतात का." पंखा बंद केला, नीट ऐकू यावं म्हणून. प्रिन्सी दारात उभी होती. सर उठले तेव्हा त्यांच्या हातात काहीच नव्हतं. कागद नाही, चष्मा पण खिशात. रमेश म्हणाला, "हा माणूस आज काही बोलणार नाही, बघ."

आधी दोन मिनिटं ते करांवरच बोलले. मला वाटलं झालं, संपलं. मग म्हणाले, मागच्या भाषणात मी एका तरुणाचं नाव घेतलं. जेसी, माझा हात खुर्चीला चिकटला होता. वाटलं परत घेतील. नाही घेतलं. विश्वासाने कळवलं होतं म्हणाले, घेऊ नका असं लिहिलेलं होतं, मी वाचलं आणि तरी घेतलं. सगळं पाठ केल्यासारखं.

समोरचे हसायला लागले. एक जण ओरडला, "अब क्यों छुपा रहे हैं? नाम बताइए!" मग सगळे, "नाम! नाम!"

ते उभेच राहिले. हेडमास्तर प्रार्थनेला पोरं गप्प होईपर्यंत उभे राहतात ना, तसे. आवाज जरा कमी झाला तेव्हा म्हणाले, "नाव चंद्रहास चुरी. चूक त्याची आहे. त्याच्या नावावर लिहून घ्या."

कोणी हसलं नाही. सभापतींच्या खुर्चीवरचे म्हणाले, तपासून बघतो. मग दुसरा माणूस बोलायला उठला.

रमेशने टीव्ही बंद केला. माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाला, "तू मंगळवारी खरं सांगणारेस, हो ना." तो आत गेला आणि दार लोटून त्याच्या टॅक्सवाल्याला फोन लावला. काय बोलला ते ऐकू आलं नाही. आज सकाळी त्याने चहा पाठवला नाही. रोज पाठवतो.

ऑर्डर आलेली नाही. तिथून नाव काढलं तरी इथे जीएसटीच्या ऑफिसात सगळ्यांना माहीतच आहे. मशीन राहील की जाईल, मला सांगता येत नाही. भीती वाटते. तुला सांगायला काय.

तू फोन कर आता. आईला पोस्टमन करू नको, ती म्हणते मिस्सात माझं लक्ष पर्सकडेच असतं.

मंगळवारी बाहेर बाकावर बसायचं नाही, आत ये. पण लिहून काही आणू नको. तिथे नाव विचारतील, तेव्हा माझं मी सांगेन.

ऑस्टिन